पाचशे घोडे आणि एक गाढव

तो कागद खिशात घाल आधी. पाहिला मी. ५०७ एचपी, भोवती लाल शाईचा गोल, आणि गोलाबाहेर तीन उद्गारचिन्हं. आता मी विचारतो त्याची उत्तरं दे. हा आकडा चाकांवर मोजलेला की क्रँकचा अंदाज? करेक्शन कुठलं लावलं होतं? इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान किती होतं? बूस्ट किती होता, पेट्रोल कुठलं होतं? आणि त्या शिखरावर तुझं इंजिन किती सेकंद टिकलं? नाही ना माहीत? डायनोवर गाडी एकदा ओढायची म्हणजे पाच-दहा सेकंदांचं काम. मग पंखा लावून थंड करतात आणि चहा पितात. तेवढ्या जिवावर तू सगळ्या मकरपुरा जीआयडीसीत पेढे वाटत सुटलास.

गाडी चांगली निवडलीस, एवढं कबूल. औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवलेली जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस. १.८ लिटर, चार सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो. कारखान्यातून निघाली तेव्हा १५० एचपी देत होती आणि त्या काळी आपल्याकडे ते खूप होतं. पण ते दीडशे ज्यांनी दिले त्यांनी त्या दीडशेला पुरेल असा क्लच दिला, तेवढा रेडिएटर दिला, तेवढे ब्रेक दिले, तेवढे बुश दिले. उन्हात, थंडीत, खड्ड्यांत गाड्या फिरवून, मोडून, परत बांधून मग तो हिशेब जमला. तू शक्ती तिपटीच्या वर नेलीस. रेडिएटर? तोच. पुढच्या डिस्क? त्याच. लोअर आर्मचे बुश? तेच, आणि वीस वर्षांचे म्हातारे. वर मला सांगतोस, ‘सर, बिल्ड पूर्ण झाली.’ अरे, बांधणी अजून सुरू व्हायची आहे. तू आत्तापर्यंत फक्त खरेदी केलीस.

इतिहासाचं तुला वावडं आहे, तरी आपल्याच बडोदा संस्थानातली गोष्ट ऐक. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी नॅरोगेज सुरू झाली. एखाद्या संस्थानाच्या मालकीची ही देशातली पहिली रेल्वे. तिचे डबे कोण ओढत होतं? बैल. इंजिनं ग्लासगोच्या नील्सन कंपनीकडून मागवली होती, आणि १८६३ मध्ये एक चालवूनही पाहिलं. पण रूळ होते वाराला तेरा पौंडांचे. इंजिनाचा भार त्यांना सोसेना. मग काय केलं? इंजिन बाजूला ठेवलं आणि पुन्हा बैल जुंपले. इंजिनं परत आली ती १८७३ मध्ये. दहा वर्षं! त्या काळच्या कारभाऱ्यांना एवढं कळत होतं की रुळांना इंजिन पेलत नसेल तर इंजिनाची कितीही हौस असो, ते उभं करून ठेवायचं. तुझ्याकडे ग्लासगोचं इंजिन आहे आणि तेरा पौंडी रूळ आहेत. आणि तू बैलांना हसतोस.

रूळ म्हणजे काय ते हिशेबाने सांगतो. तुला आकडे आवडतात ना? घे.

गाडी तेराशे किलोची, तू आणि पेट्रोल धरून चौदाशे. इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढचीच. उभ्या गाडीचं साठ टक्के वजन पुढे धरू. तू पाय दाबलास की वजन मागे सरकतं, म्हणजे जी चाकं ओढताहेत तीच हलकी होतात. चांगले टायर, कोरडा रस्ता, घर्षणाचा गुणांक ०.९ धरला तर पुढच्या दोन चाकांना जास्तीत जास्त सहा हजार न्यूटनच्या आसपास ओढ देता येते. त्याहून जास्त जोर दिलास तर ती ओढत नाहीत, जागच्या जागी फिरतात. आता शक्ती भागिले ओढ म्हणजे वेग. गिअरबॉक्समधली गळती वजा करून मांड. उत्तर येतं ताशी १८० किलोमीटरच्या पुढे. समजलं का? त्या वेगाच्या खाली तुझे ते पाचशे घोडे रस्त्यावर उतरूच शकत नाहीत. ते टायरचा धूर करतात, स्टिअरिंग हातातून हिसकावतात आणि ड्राइव्ह शाफ्ट मोडतात. बडोद्यात एकशेऐंशीच्या वर कुठे चालवणार आहेस? ओल्ड पादरा रोडवर? अकोट्याच्या पुलावर?

हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. टर्बो मागवण्याच्या आधी अर्धा तास पेन्सिल घेऊन बसला असतास तर लाखभर रुपये वाचले असते. पण पेन्सिलचा फोटो काढून कुणाला पाठवता येत नाही.

आता इंधन. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर एचपीमागे तासाला साधारण पाव किलो पेट्रोल खातं. पाचशेला सव्वाशे किलो. म्हणजे मिनिटाला पावणेतीन लिटरच्या थोडं वर. चार इंजेक्टरांत वाट. प्रत्येकाला मिनिटाला सातशे मिली. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ऐंशीवर थांबायचं. म्हणजे पावणेनऊशे सीसीचा इंजेक्टर हवा. तुझे कितीचे आहेत? साडेसहाशेचे. मग हा ५०७ आकडा आला कुठून? एकतर डायनो उदार आहे, नाहीतर वरच्या आरपीएमला इंजिन उपाशी पळतंय आणि तुला त्याचं कौतुक वाटतंय. उपाशी इंजिन आधी जास्त गरम होतं, मग नॉक करतं, मग पिस्टनच्या कडा खायला लागतं. तुझ्या एक्झॉस्टच्या त्या आवाजात नॉकिंग तुला ऐकू येणार नाही. सायलेन्सर काढलास ना.

त्यात आपल्या पंपावर आता वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल नॉकिंगच्या बाबतीत उपकारच करतं, पण त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा, तर वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या जवळपास. तुझ्या मीटरवर दिसणारा आकडा कुठल्या इंधनाच्या पट्टीवर काढलेला आहे, हे विचारलंस का मॅप करणाऱ्याला? लॅम्ब्डामध्ये वाच म्हणून वर्गात किती वेळा सांगितलं होतं. आणि मॅप केला शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलवर आणि रोज भरतोस चौकातलं साधं, असं असेल तर तो मॅप तुझ्या गाडीचा नाहीच. कोयलीची रिफायनरी गावाला लागून आहे म्हणून आपल्या नळालाच शंभर ऑक्टेन येतं असं समजू नकोस.

फोर्ज्ड रॉड घातलेस ते बरं केलंस. मूळचे या शक्तीला वाकले असते. पण बेअरिंगचा क्लिअरन्स मोजला का? प्लास्टिगेज लावून, पट्टी धरून, वहीत लिहून? की मिस्त्री म्हणाला ‘चालशे’ आणि तू मान डोलावलीस? पिस्टनच्या रिंगांची फट टर्बोच्या उष्णतेला पुरेशी ठेवली का? हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले की हाताच्या अंदाजाने? कॉलेजात, कलाभवनच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षी तुझ्या हातात कानस दिली होती. लोखंडाचा एक तुकडा काटकोनात आणायचा, गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की जॉब परत. तू तो जॉब शेजारच्या मुलाकडून करून घेतला होतास. मला तेव्हाच कळलं होतं, पण मी वाट बघत होतो की आयुष्यात कधीतरी हे तुझ्या समोर येईल. आलं. त्या फटीतला उजेड आता तुझ्या बेअरिंगमध्ये आहे.

तेलाचं बघ. रस्त्यावर तू कितीही मस्ती केलीस तरी लांब वळण दोन-तीन सेकंदांच्या वर सापडत नाही. ट्रॅकवर सापडतं. वळणात एक जी बल आलं की सम्पमधल्या तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांनी कलतो. तेल एका भिंतीला चढून बसतं आणि पंपाची नळी हवा ओढते. तेवढ्या वेळात क्रँकच्या बेअरिंगला तेलाचा थरच राहत नाही. बॅफल असलेला सम्प म्हणजे तुझ्या त्या निळ्या सिलिकॉन पाइपांच्या तुलनेत किरकोळ खर्च. पण तो गाडीच्या खाली असतो, दिसत नाही. म्हणून तू घातला नाहीस. तुझ्या गाडीत जे जे दिसतं ते सगळं नवं आहे आणि जे जे दिसत नाही ते सगळं जुनं आहे. यादी काढून बघ, रॉड सोडले तर अपवाद फारसा सापडणार नाही.

ब्रेकवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. घड्याळ बघू नकोस.

समज, ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी तू ताशी २०० वर आहेस आणि वळणासाठी ८० वर यायचंय. चौदाशे किलोच्या गाडीतून तेवढ्या वेळात अठरा लाख ज्यूल ऊर्जा काढून टाकायची. ती जाणार कुठे? डिस्कमध्ये, उष्णता होऊन. सत्तर टक्के काम पुढच्या डिस्क करतात. एकेक डिस्क सात किलोची धर. बिडाची विशिष्ट उष्णता लाव. एका दाबात डिस्कचं तापमान जवळजवळ दोनशे अंशांनी चढतं. एका! त्यातली थोडी पुढच्या सरळ पट्ट्यावर वाऱ्याने उतरते, बाकीची पुढच्या वळणाला तशीच हजर. एका फेरीत असे चार-पाच जोरदार ब्रेक आणि फेऱ्या दहा. उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये, कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये. डॉट ४ चं ताजं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असा नियम. पण ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलेल्या तेलासाठी तोच नियम १५५ वर येतो. बडोद्याचे दोन पावसाळे पाहिलेलं तुझं तेल आता कुठे असेल, तूच सांग. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाऊन टेकतं. पेडल तळाला टेकल्यावर तुझ्या त्या ५०७ चा काय उपयोग, ते मला शांतपणे समजावून सांग. मी ऐकतो.

पुढच्या बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत हवेची नळी आणणं हे पत्रा, रबरी पाइप आणि एका दुपारचं काम आहे. त्याला परदेशातून पार्सल यावं लागत नाही. म्हणूनच सुचलं नसावं.

आणि गाडी जमिनीला टेकवलीस ती कशासाठी? मुतखडा झालेल्या माणसासारखी चालते ती. कॉइलओव्हर घातलेस, स्प्रिंग खाली सोडलीस, चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट जात नाही म्हणून मित्रांनी पाठ थोपटली. लोअर आर्म आता चाकाकडे वर चढलेले आहेत. रोल सेंटर खाली गेलंय, म्हणजे ज्या कलण्याला आळा घालायला तू गाडी खाली घेतलीस, तेच कलणं बळावलंय. टायरॉडचा कोन बिघडलाय, त्यामुळे खड्ड्यात चाक वर गेलं की स्वतःहून वळतं. गेल्या पावसानंतर इथले रस्ते कसे आहेत ते तुला माहीत आहे. प्रत्येक खड्डा तुझी गाडी त्याच्या मर्जीने वळवतो. परत वर घे. वीस-पंचवीस मिलिमीटर. फोटोत वाईट दिसेल, दिसू दे.

मग अलाइनमेंट. ‘करून घेतलं’ असं म्हणू नकोस. कॅम्बर किती, कॅस्टर किती, टो किती, डावीकडे उजवीकडे फरक किती, ते आकडे आण. चार चाकांखाली चार काटे ठेव, तुझ्या सीटवर तुझ्या वजनाची वाळूची पोती ठेव, टाकी अर्धी भर आणि प्रत्येक चाकावर किती भार येतो ते लिही. तिरक्या जोड्यांची बेरीज जुळत नसेल तर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरीच वागणार. मग तू टायरला शिव्या देणार, टायर बदलणार, पैसे घालवणार. गाडी लावणं म्हणतात ते हेच. कंटाळवाणं असतं. एका वेळी एकच बदल करायचा. अँटी-रोल बार आणि टायरची हवा एकाच दिवशी बदललीस तर फरक कशाने पडला हे देवालाही सांगता येणार नाही. ट्रॅकवरून गाडी आत आली की थंड व्हायच्या आत टायरचं तापमान घ्यायचं, आतल्या कडेला, मध्ये, बाहेरच्या कडेला. मध्ये जास्त तर हवा जास्त. आतली कड फार तापली तर कॅम्बर जास्त. टायर स्वतः सांगतो, फक्त वहीत लिहून घेणारा हवा. प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर रंगाची रेघ मार, म्हणजे सैल झाला की नजरेला दिसेल. पहिल्या दिवशी वेग काढायचाच नाही. गाडी वीस मिनिटं हळू फिरवायची, थांबवायची, खाली झोपायचं, टॉर्च लावून गळती बघायची, बोल्ट पुन्हा आवळायचे, परत वीस मिनिटं. टर्बोला तेल देणारी नळी एक्झॉस्टच्या किती जवळून गेलीये ते पाहिलंस? बोटभर. ती चिरली की तापलेल्या लोखंडावर तेल पडेल, आणि आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे? घरी? वा.

तुझा खरा घोळ काय आहे सांगू? तुला एकच गाडी रस्त्यालाही हवी आणि ट्रॅकलाही हवी. होतं तसं, जगभर लोक करतात. पण दोन्हीकडे थोडं थोडं सोडावं लागतं आणि कुठे काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. तू काहीच सोडलं नाहीस. रोल केज घातलास. ट्रॅकवर हेल्मेट असतं म्हणून तिथे तो जीव वाचवतो. रस्त्यावर उघड्या डोक्याने बसून त्याच पोलादी नळीला डोकं आपटलं तर? तुझ्या बहिणीला परवा मागे बसवून न्यायमंदिरापर्यंत आणलीस ना? मागचं आडवं पोलाद तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होतं. पॅड रेसचे घेतलेस. ते गरम झाल्याशिवाय धरत नाहीत, म्हणजे सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पहिल्याच रिक्षेला तुझे ब्रेक झोपलेले. टायर सेमी-स्लिक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी अर्ध्या गावात शिरलं होतं, ते विसरलास? नुसत्या सरीतही त्या टायरना पाणी बाजूला सारायला खाचा कुठे आहेत? पाण्यावर तरंगत जाशील.

कायद्याचं सांगितलं की तू हसतोस. हस. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, नोंदणीच्या कागदावर उत्पादकाने जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत तेच आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे. तुझ्या गाडीतले बदल मोज, मग दर्जीपुऱ्याच्या आरटीओत जा आणि तिथे हस. रस्त्यावर शर्यत लावणं हा वेगळा गुन्हा, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि विमा कंपनीला टर्बोचं सांगितलंस का? नाही. म्हणजे उद्या कुणाला उडवलंस तर नुकसानभरपाईचा खेळ तुझ्या बापाच्या फ्लॅटवर येऊन थांबणार.

उडवलंस तर, असं मी उगीच म्हणत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर आधीच झालेल्या अपघाताभोवती माणसं जमली होती. त्यांच्यात एक गाडी घुसली. नऊ माणसं गेली. २०२५ च्या मार्चमध्ये, होळीच्या रात्री, इथे कारेलीबागमध्ये एक बाई गेली आणि कितीतरी जखमी झाले. त्या गाड्या कुणी गॅरेजात बांधलेल्या नव्हत्या, शोरूममधून घेतलेल्या होत्या. तुझ्या निम्म्या शक्तीत हे होतं. ताशी १०० वरून गाडी थांबवायला, डोळ्याने पाहून पाय पडेपर्यंतचा एक सेकंद धरून, पाऊणशे मीटर लागतात, तेही ब्रेक ताजे असतील तर. दोनशेवरून अडीचशे मीटर. वेग दुप्पट, अंतर तिपटीच्या वर. वासणा-भायली रोडवर रात्री बारानंतर तू आणि ते तुझे दोन सोबती काय करता ते मला माहीत आहे. माझी झोप हल्ली कमी झालीये आणि कान अजून शाबूत आहेत. अडीचशे मीटरमध्ये तिथे किती सोसायट्यांची फाटकं उघडतात ते एकदा दिवसा पायी चालून मोज. पुन्हा तिथे दिसलास तर पोलिसांना मीच फोन करणार. माझा विद्यार्थी म्हणून तर नक्कीच करणार.

चालवायची आहे ना? मग जिथे चालवतात तिथे ने. ट्रकवर घालून. गोंडलचे युवराज पाच लिटरच्या व्ही-आठ इंजिनाची सरटीज रेसगाडी पळवायचे, पण ती राजकोट रोडवर नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर. आज चेन्नईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, १९९० पासून, पावणेचार किलोमीटरचा. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट, पाच किलोमीटरच्या थोडं वर. सगळं हजार किलोमीटरच्या आसपास किंवा पुढे, हे खरं. लांब आहे म्हणून गावातला रस्ता ट्रॅक होत नाही.

आणि करी हे नाव कुणाचं, माहीत आहे? करिवर्धन. कोइमतूरचा माणूस, स्वतः गाड्या बांधायचा. त्याने काय केलं? मारुती ८०० चं इंजिन घेतलं, चाळीसही घोडे नसतील त्यात, आणि त्यावर एका माणसाची रेसगाडी बांधली. फॉर्म्युला मारुती. तशा गाड्यांत पोरं रेसिंग शिकली. चाळीस घोड्यांत चूक केली की वेळ जातो, आणि गेलेला वेळ घड्याळात दिसतो. पाचशे घोड्यांत चूक केली की तू पुढच्या सरळ पट्ट्यावर ती शक्तीने भरून काढतोस आणि तुला वाटतं आपल्याला चालवता येतं. खऱ्या घोड्याचंही ऐक. आपल्या प्रतापसिंहराव महाराजांनी १९४५ मध्ये अठ्ठावीस हजार गिनी मोजून एक शिंगरू घेतलं होतं. त्या वेळचा विक्रम होता तो. नाव ठेवलं सयाजीराव. ते इंग्लंडात न्यूमार्केटला जाणत्याच्या हाताखाली ठेवलं, आणि सेंट लेजरची शर्यत जिंकलं ते १९४७ मध्ये. तू घोडे आणलेस आणि त्याच संध्याकाळी रेसकोर्स रोडला निघालास.

आता तोंड उघडू नकोस, मी सांगतो ते कर. बूस्ट आजच उतरव. वेस्टगेटच्या स्प्रिंगवर जेवढा येईल तेवढा, अडीचशे-पावणेतीनशेच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि पहिल्या दोन गिअरांत त्याहूनही कमी. पुढच्या चाकांना लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल नाही तोवर वरचं काही मागूच नकोस. ब्रेक ऑइल, नळ्या, पॅड, थंड हवेची वाट. सम्प. तेलाची ती नळी लांबून फिरव आणि तिला उष्णतेचं कवच घाल. बुश सगळे नवे. रेडिएटर मोठा, आणि मे महिन्यात भर दुपारी अर्धा तास जागेवर चालू ठेवून कूलंट किती चढतं ते वहीत. सायलेन्सर परत बसव. आमच्या गल्लीत लहान पोरं आहेत आणि पेशंट आहेत.

पैसे नाहीत म्हणू नकोस. ते कार्बन फायबरचं बॉनेट वीक, घेणारा तुझ्यासारखाच कुणीतरी मिळेल. त्यात ब्रेक होतात. उरले तर टायर दोन जोड घे, एक रस्त्याचा, एक ट्रॅकचा. चार काट्यांचं मी मकरपुऱ्यात एका जुन्या विद्यार्थ्याशी बोलून ठेवतो, त्याच्याकडे आहेत. सोमवारी सकाळी आठला ये. साडेआठला नाही. वही रेघांची आण, फोनमध्ये लिहिलेलं मी बघणार नाही. आणि वर्कशॉपमध्ये चपला घालून यायचं नाही हे पुन्हा सांगायला लावू नकोस. बूट घाल.